चाकाच्या आतल्या बाजूचा आकडा

गाडी खाली बसवायची आणि तिला रुंद मॅगव्हील लावायची, हे आमच्या भागातलं काम नव्हे, असं माझं ठाम मत होतं आणि कोणी विचारलं नाही तरी मी ते सांगत असे. तिवसा हे अमरावती-नागपूर रस्त्यावरचं तालुक्याचं गाव. टायर, बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट हा माझा धंदा. महामार्गावरून सुसाट जाणारी गाडी आणि कुऱ्हा, वरखेड, कौंडण्यपूरकडच्या रस्त्यांनी खिळखिळी होऊन आलेली गाडी, दोन्ही माझ्याच रॅम्पवर चढतात. टायरची झीज पाहून गाडी बहुतेक कोणत्या रस्त्यानं फिरते हे मी सांगू शकतो. अशा माणसाचा लोअरिंगला विरोध असणं साहजिक होतं.

आज माझा तसा विरोध राहिलेला नाही. काहीही लावा, सगळं चालतं, असं मी म्हणत नाही. पण गाडी थोडी खाली बसवणं आणि तिला वेगळं चाक लावणं हे मोजमापाचं काम आहे, आणि ज्यानं मोजमाप केलंय अशा पोराला दुकानातून परत पाठवणं म्हणजे त्याला न मोजणाऱ्याच्या हवाली करणं आहे, असं आता माझं म्हणणं आहे. हे मत कसं बदललं ते सविस्तर लिहितो. आमच्या धंद्यातले बरेच जण अजून माझ्या जुन्याच मताचे आहेत, आणि त्यांची कारणं मला तोंडपाठ आहेत.

ती कारणं खोटी नाहीत. वऱ्हाडातली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर घातलेलं डांबर चार पावसाळ्यांत वरखाली होतं. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, आणि तापल्या रस्त्यावर हवा कमी असलेलं टायर फुटायला वेळ लागत नाही. कापसाच्या दिवसांत ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी रस्त्याच्या कडा तुटलेल्या असतात. लग्नसराईत पाच माणसांच्या गाडीत सात जण बसतात आणि डिकीत आहेराची भांडी. अशा ठिकाणी गाडीची उंची कमी करायची, टायरची भिंत बारीक करायची आणि चाक मडगार्डच्या बाहेर काढायचं, हे मला गाडीशी वैर धरल्यासारखं वाटे.

त्यात माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक लोअर गाड्यांची अवस्था बघवत नसे. स्प्रिंगच्या कॉइल ग्राइंडरनं कापलेल्या, हब आणि चाकाच्या मध्ये पातळ स्पेसर कोंबलेला, टायरची आतली कड तारा दिसेपर्यंत गेलेली. अशा गाडीचं अलाइनमेंट होतच नाही. फिरवायला जागा उरलेली नसते, मशीन तरी काय करणार? मी त्या पोरांना एकच सांगायचो, कंपनीचं चाक परत बसव आणि मग ये.

ती परत येत नसत. हे मला दिसत होतं आणि त्याचा मला एक प्रकारे आनंदही होता, की आपल्या दुकानातून असलं काम गेलं नाही. ती अमरावतीला जात, नागपूरला जात, जिथे कोणी नाही म्हणत नाही तिथे जात. महिन्या-दोन महिन्यांनी तीच गाडी चौकातून टायर घासत जाताना ऐकू येई.

मग तिवशातलाच एक पोट्टा जुनी पोलो घेऊन आला. पोलो ही गाडी चाकणला २००९ च्या अखेरीपासून २०२२ पर्यंत बनली. बंद पडली तरी तिच्यावर जीव टाकणारे आपल्याकडे खूप आहेत, आणि खाली बसवलेल्या गाड्यांचा विषय निघाला की हिचं नाव आधी येतं. त्यानं नागपूरहून तयार लोअरिंग स्प्रिंग बसवून आणल्या होत्या, गाडी ३५ मिलिमीटर खाली आलेली होती, चाकं मात्र अजून कंपनीचीच होती. मी तोंड उघडण्याआधी त्यानं वही पुढे केली. म्हणाला, "काका, नाई म्हनाच्या आंधी हे पाहा. मी मोजून आनलं हाये."

वहीच्या पहिल्या पानावर त्यानं कंपनीच्या चाकाच्या आतल्या बाजूची अक्षरं जशीच्या तशी उतरवली होती. चाक उतरवून उलटं ठेवलं की आऱ्यांच्या मागे ओतकामातच ती असतात, धुळीनं आणि ब्रेकच्या काळ्या भुकटीनं भरलेली. ६ जे, १५, ईटी ४०. मी आयुष्यभर चाकं उतरवत आलो, पण व्यास आणि रुंदी सोडली तर ईटीच्या आकड्याशी माझा फारसा संबंध येत नसे. बॅलन्सिंग करायला तो लागत नाही.

६ जे म्हणजे टायर जिथे बसतं त्या दोन कडांमधलं अंतर सहा इंच, १५२.४ मिलिमीटर. ईटी म्हणजे ऑफसेट. चाकाच्या रुंदीची बरोबर मध्यरेषा धरली तर हबला टेकणारी बैठक त्या रेषेपासून किती मिलिमीटर बाहेरच्या अंगाला आहे, तो हा आकडा. ४० म्हणजे बैठक बरीच बाहेर, म्हणजेच चाकाचा मोठा भाग गाडीच्या आत. आकडा उतरला की चाक बाहेर येतं. पोरानं हिशेब मांडला होता: अर्धी रुंदी ७६.२, त्यात ४० मिळवले की बैठकीपासून आत ११६.२ मिलिमीटर, आणि ४० वजा केले की बाहेर ३६.२.

त्याच्या खालच्या ओळींनी मला विचार करायला लावलं. ही पोलो ज्या पिढीची, त्या पिढीला युरोपात कंपनीनं तीन मापांची चाकं दिलेली आहेत. १४ इंची चाक ५ जे, ईटी ३५. १५ इंची ६ जे, ईटी ४०. १६ इंची ७ जे, ईटी ४६. रुंदी वाढत गेली तसा कंपनीनं ऑफसेटही वाढवत नेला. हिशेब केला तर बाहेरची बाजू २८.५, मग ३६.२, मग ४२.९. आतली बाजू ९८.५, ११६.२, १३४.९. पाच इंचांपासून सात इंचांपर्यंत जवळपास ५१ मिलिमीटर रुंदी वाढली. त्यातली ३६ आत गेली आणि जेमतेम १४ बाहेर आली.

आणि नागपूरच्या दुकानात त्याला काय दाखवलं होतं? ८ जे, ईटी २५. त्याच्या चाकापेक्षा तेसुद्धा दोन इंचांनीच रुंद. पण हिशेब करा: बाहेर ७६.६, म्हणजे ४० मिलिमीटर जास्त, आणि आत फक्त दहा. वाढलेल्या रुंदीतली चार सेंटिमीटर मडगार्डच्या दिशेला आणि एक आत. दोन इंच तेच, आणि सगळंच उलटं.

मला ज्या गाड्यांचा राग येत होता त्या जवळजवळ सगळ्या या दुसऱ्या प्रकारच्या होत्या, हे तिथे उभ्या उभ्या लक्षात आलं. रुंद चाक म्हणजे बाहेर आलेलं चाक, अशी माझ्या डोक्यात जोडी बसली होती, कारण बाजारातलं चाक दिसायला तसंच हवं असतं. कंपनीच्या स्वतःच्या रुंद चाकानं ती जोडी तोडली होती, आणि तो पुरावा चाकांच्या आतल्या बाजूला ओतलेला होता.

"मंग तुले कोनतं पायजे?" मी विचारलं.

"सात जे, ईटी पंचेचाळीस, सोळा इंची. पन पाच मिलिमीटर इकडं-तिकडं चालते का, थे तुमी सांगा."

आता खाली बसवण्याचा प्रश्न. इथे माझी एक समज होती आणि ती आमच्या धंद्यात सर्वांची असते: गाडी खाली बसली की चाकाची आतली जागाही कमी होते, म्हणून लोअर गाडीला चाक बाहेर काढावंच लागतं. पुढचं चाक काढून, आत दिवा धरून, आम्ही दोघांनी नीट पाहिलं. पोलोला पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे. शॉकअपची नळी खाली नकलला, म्हणजे हब धरणाऱ्या भागाला, घट्ट आवळलेली, चाकही त्याच नकलच्या हबवर. गाडी खाली येते म्हणजे बॉडी खाली येते. नळी आणि चाक दोघंही आहेत तिथेच राहतात, एकमेकांपासून तेवढ्याच अंतरावर. कंपनीच्या उंचीवर त्या दोघांत जेवढी जागा होती तेवढीच ३५ मिलिमीटर खालीही राहते. कमी होते ती बॉडीकडची जागा, म्हणजे मडगार्डचा ओठ, आतलं प्लास्टिकचं अस्तर आणि पूर्ण वळवलेल्या चाकाच्या मागचा कोपरा. म्हणजे लोअर गाडीला जी जागा टंचाईची, तिथेच लोक चाक नेऊन ठेवतात, आणि जी जागा तशीच शिल्लक आहे ती मोकळी सोडतात.

मागे पोलोला आडवा बीम आहे. तिथे चाक कलत नाही, सरळ वर जातं आणि त्याची बाहेरची कड सरळ मडगार्डच्या ओठाखाली येते. मागच्या टायरच्या खांद्यावर जी चकाकती रेघ पडलेली दिसते ती यामुळे. चौघं बसले, डिकी भरली, गतिरोधक आला की घासलं.

हे कागदावर ठीक, पण मला खात्री हवी होती. पोरानं अमरावतीच्या एका मित्राकडून त्याच्या गाडीची दोन चाकं मागून आणली, ७.५ जे, ईटी ३५. हिशेबानं ती बाहेर २४ मिलिमीटर जास्त येणार होती. ती मागे बसवली. त्यानं घरून डब्यात मळलेली कणीक आणली होती. त्याच्या आईनं काय म्हटलं असेल ते माहीत नाही, पण युक्ती उत्तम होती. मडगार्डच्या ओठाला आतून अंगठ्याएवढे कणकेचे गोळे ओळीनं चिकटवले, मागच्या सीटवर आणि डिकीत सोयाबीनची पोती टाकली, आणि गाडी माझ्या गल्लीतल्या गतिरोधकावरून दोन-तीनदा नेली. तो गतिरोधक कोणत्याच मापात बसत नाही. परत येऊन पाहिलं तर मधले दोन गोळे कापल्यासारखे गेलेले, त्यांच्या जागी नुसता पीठ लागलेला पत्रा. कडेचे पापडासारखे चपटे.

मग त्याच पोत्यांसह कंपनीची चाकं. गोळे जसेच्या तसे. सात जे, ईटी ४५ हे कंपनीच्या चाकापेक्षा बाहेर जेमतेम आठ मिलिमीटर येणार होतं, म्हणून आठ मिलिमीटर जाडीची लाकडी पट्टी टायरच्या खांद्याशी धरून पुन्हा जागा पाहिली. बोट जात होतं. पुढे पूर्ण वळवून, आतल्या बाजूला शॉकअपच्या नळीपाशी पाहिलं. तिथे ते चाक जवळपास १८ मिलिमीटर आत येणार. तेवढं जाऊनही मोकळी जागा राहत होती, आणि राहणारच होती, कारण कंपनीनं तिथे याहून मिलिमीटरभर आत जाणारं चाक २१५ च्या टायरसह बसवलेलं आहे. हा पोरगा १९५/५० आर १६ घेणार होता.

टायरबद्दल थोडं सांगायला हवं, कारण चाकाच्या रुंदीचा निम्मा हिशेब टायरच ठरवतं. १८५/६० आर १५ हे पोलोचं टायर, त्याची उंची ६०३ मिलिमीटर. १९५/५० आर १६ ची ६०१. म्हणजे स्पीडोमीटरला फरक नाही, गिअरला फरक नाही, जमिनीपासूनच्या उंचीतही फरक नाही. १९५/५० साठी चाकाची रुंदी साडेपाच ते सात इंच चालते. सात ही वरची हद्द आहे, तिच्यापुढे जायचं नाही. आठ इंची चाकावर हेच टायर ताणून बसवणारे आहेत. भिंत तिरपी होते, चाकाची कड उघडी पडते, आणि खड्ड्याचा मार थेट ओतीव धातूवर बसतो. लोखंडी डिस्क वाकते आणि हातोड्यानं सरळही होते. मॅगव्हीलला तडा जातो, आणि तो बहुतेक वेळा आतल्या कडेला, जिथे कोणी पाहत नाही. भिंतीची उंचीही पाहायची असते: मूळ टायरची १११ मिलिमीटर, या टायरची साडेसत्त्याण्णव, आणि १७ इंचासाठी जे २०५/४० लावतात त्याची ८२. आमच्या तालुक्यात ८२ मी आजही कोणाला लावून देत नाही. आणि टायरवरचा भाराचा आकडा. ८४ म्हणजे एका टायरला ५०० किलो, ८२ म्हणजे ४७५. मूळ टायर ८४ चं असेल तर नवं ८४ च्या खालचं घ्यायचं नाही, मग दुकानदार काहीही म्हणो. धामणगावजवळून समृद्धी महामार्गावर चढून १२० च्या वेगानं भर उन्हात जाणारी गाडी हे २५ किलो विसरत नाही.

ऑफसेट कमी केल्यानं दुसरं एक नुकसान होतं, ते डोळ्यांना दिसत नाही. पुढचं चाक वळतं ते एका तिरप्या रेषेभोवती. शॉकअपच्या वरच्या माउंटपासून खालच्या बॉल जॉइंटमधून ती रेषा जमिनीवर येते. ती जिथे टेकते आणि टायरचा मधला भाग जिथे टेकतो, या दोन बिंदूंमधलं अंतर म्हणजे स्क्रब रेडियस. १९७२ च्या ऑडी ८० मध्ये ही रेषा टायरच्या मध्यबिंदूच्या बाहेर टेकेल अशी रचना होती, आणि पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या बऱ्याच गाड्यांनी पुढे ती घेतली. फायदा काय? एका बाजूचं चाक घट्ट डांबरावर आणि दुसऱ्या बाजूचं सुट्या मुरुमावर असताना ब्रेक मारला तर गाडी डांबराकडे ओढली जाते. ही रचना असेल तर पुढची चाकं आपोआप किंचित उलट्या दिशेला वळू पाहतात आणि गाडी सरळ राहते.

आता आमच्या रस्त्यांचा विचार करा. कौंडण्यपूरच्या वाटेवर समोरून ट्रॅक्टर आला की डावी चाकं साइडपट्टीवर उतरवावी लागतात. डावीकडे मुरूम, उजवीकडे डांबर, आणि नेमका तेव्हाच ब्रेक. ज्या प्रसंगासाठी ती भूमिती आखली तो इथे रोजचा आहे. ईटी ४० चं २५ केलं की टायरचा मध्य १५ मिलिमीटर बाहेर सरकतो आणि ही सोय संपते, उलट दिशेलाही जाऊ शकते. मग चाकोरी दिसली की स्टिअरिंग हातातून ओढतं. पोरं म्हणतात, गाडी "चिटकून" चालते. हँडल ओढतंय हे त्यांना मजेचं वाटतं. बेअरिंगवर तिरका भार वाढतो तो वेगळाच.

ईटी ४५ मध्ये चाकाचा मध्य उलट ५ मिलिमीटर आत येतो, कंपनीच्या ४६ च्या चाकाशी मिलिमीटरभराचा फरक. मी होकार दिला.

माझा दुसरा मोठा आक्षेप गतिरोधकांचा होता. पोलोची जमिनीपासूनची उंची सुमारे १६५ मिलिमीटर. ३५ गेले, १३० उरले. यात तिवशाचे गतिरोधक कसे ओलांडणार? यावर मी एक दिवस बसून हिशेब केला आणि निकालानं मलाच आश्चर्य वाटलं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमातला गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो, त्याची गोलाई १७ मीटर त्रिज्येची. पोलोच्या पुढच्या-मागच्या चाकांत जवळपास २.४७ मीटर अंतर. म्हणजे गतिरोधक गाडीच्या चाकांच्या अंतरापेक्षा लांब आहे. गाडी त्याच्या बरोबर मध्यावर असते तेव्हा चारही चाकं त्याच्यावरच असतात, आणि चाकांच्या पातळीपासून मधला फुगवटा फक्त ४५ मिलिमीटर भरतो. १३० मध्ये ४५ सहज मावतात. नियमानं बांधलेला गतिरोधक ३५ मिलिमीटर खाली बसवलेल्या गाडीला अडवत नाही.

अडवतो तो दुसरा. कोणाच्या तरी घरासमोर अपघात होतो, लोक चिडतात, चार घमेली मुरूम आणि डांबर आणून रातोरात उंचवटा घालतात. त्याची रुंदी हातभर. त्याच्यावर दोनच चाकं चढतात आणि उंची पूर्णच्या पूर्ण गाडीच्या पोटाशी येते. त्यानं लोअर गाडीच घासते असं नाही. भरलेली ॲम्ब्युलन्स घासते, दुचाकीवर मागे बसलेली बाई पडते. हा दोष रस्त्याचा आहे आणि मी वर्षानुवर्षं तो गाडीच्या माथी मारत होतो. रस्ते सुधारायचं ठरवलं तर काय होतं हेही आपण पाहिलंय. २०२२ च्या जूनमध्ये अमरावती-अकोला मार्गावर लोणी ते माना या टप्प्यात ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत झालं आणि त्याची गिनीज बुकात नोंद आहे. त्याच जिल्ह्यात गल्लीतला गतिरोधक मात्र घमेल्याच्या मापाचाच राहतो.

ज्या गोष्टींबद्दल माझं मत बदललेलं नाही त्याही सांगतो. कापलेल्या कॉइलची गाडी मी रॅम्पवर घेत नाही. स्प्रिंग कापली की ती शॉकअप पूर्ण ताणल्यावर बैठकीतून सुटू शकते, आणि शॉकअपला उरलेली जागा इतकी कमी होते की प्रत्येक खड्ड्याला बंपस्टॉप लागतो. तयार लोअरिंग स्प्रिंग त्या हिशेबानं कडक बनवलेली असते. पातळ स्पेसरलाही माझा विरोध कायम आहे. त्यापेक्षा चाकच योग्य ऑफसेटचं घ्यावं. मधलं भोक हा तर वेगळा विषय आहे. पोलोच्या हबचं माप ५७.१ मिलिमीटर, बाजारातल्या चाकाचं भोक बहुतेक वेळा मोठं असतं. मधली जागा बरोबर मापाच्या हब रिंगनं भरली नाही तर चाक बोल्टवर लटकतं आणि ८० च्या पुढे स्टिअरिंग थरथरतं. लोक बॅलन्सिंग करत बसतात. आणि बोल्ट. या गाडीच्या मूळ बोल्टाची टोपी आतून गोल आहे, बाजारातल्या बहुतेक मॅगव्हीलची बैठक शंकूच्या आकाराची. गोल बोल्ट शंकूत आवळला तर कडेला रेघभर टेकतो, पाना घट्ट लागल्यासारखा वाटतो, आणि काही दिवसांत ढिला होतो. नव्या चाकाबरोबर त्याच बैठकीचे बोल्ट घ्यायचे, टॉर्क पान्यानं १२० न्यूटन मीटरला आवळायचे, आणि थोडं चालवून पुन्हा तपासायचे. यात सूट नाही.

कायद्याचंही मी प्रत्येकाला आधी सांगतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीनं ठरवलेल्या आणि नोंदणीत लिहिलेल्या तपशिलाशी विसंगत बदल करू देत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये ते पुन्हा स्पष्ट केलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणून स्प्रिंगचं काम मी स्वतः आजही करत नाही, आणि ज्याला करायचंय त्यानं आधी आरटीओला आणि विमा कंपनीला लेखी विचारावं असं सांगतो. अपघात झाल्यावर विमावाल्यांचं नाही ऐकण्यापेक्षा आधी ऐकलेलं बरं. कंपनीनं त्या गाडीला दिलेल्या मापाच्या जितकं जवळ राहाल तितकं आरटीओसमोर बोलणं सोपं जातं. ईटी निवडतानाही हे उपयोगाचं आहे.

माझ्या ओळखीचे एक टायरवाले मला म्हणाले, "भाऊ, तुमी एकाले सात जे लावून द्याल, थो दुसऱ्याले सांगन, दुसरा आठ जे घेऊन येईन." त्यांची भीती खरी आहे. मी त्यांना एवढंच म्हटलं की आठ जेवाला तसाही येतोच आहे, आपल्याकडे नाही तर दुसरीकडे. आपल्याकडे आला तर निदान कोणीतरी त्याच्या चाकाच्या आतला आकडा वाचून दाखवेल. नाही म्हणून आपण रस्त्यावरची एकही वाईट गाडी कमी केली नाही. ती फक्त आपल्या नजरेआड केली.

त्या पोलोचं अलाइनमेंट मी स्वतः केलं. मागचं काही फिरवता येत नाही, ते मापात होतं. पुढे गाडी खाली आल्यानं टो, म्हणजे चाकांची तोंडं आत-बाहेर किती वळली आहेत ते माप, सरकला होता, तो टायरॉडवर कंपनीच्या मापात आणला. पुढच्या चाकांचा कल आत थोडा वाढला होता, पण दोन्हीकडे सारखा. पावसाळा आणि हिवाळा जाऊन गाडी पुन्हा आली तेव्हा मी पुढच्या टायरच्या आतल्या कडेवरून हात फिरवला. रबराच्या गाठी आडव्या सगळीकडे सारख्या उंचीच्या होत्या, कुठे धार नाही, कुठे करवतीसारखे दात नाहीत. कंपनीच्या उंचीवरच्या कित्येक गाड्यांची टायरं माझ्याकडे यापेक्षा वाईट येतात, कारण त्यांचे मालक वर्षानुवर्षं टो तपासून घेत नाहीत.

गाडी खाली बसवावी असं मी कोणाला सुचवत नाही. शेतात जाणाऱ्यानं, पंचक्रोशीत फिरणाऱ्यानं तो विचारच करू नये. पण ज्याला ती खाली बसवायचीच आहे आणि ज्यानं मोजलं आहे, त्याचं चाकांचं आणि अलाइनमेंटचं काम मी करतो, आणि नीट करतो.

धंद्यातल्या माझ्या भावांना विनंती आहे की हब रिंगचे संच आणि एक टॉर्क पाना दुकानात ठेवा, आणि आलेल्या पोराला परत पाठवण्याआधी त्याच्यासमोर त्याचं एक चाक उतरवा. आणि चाक घ्यायला निघालेल्या पोरांनो, जुन्या चाकाच्या आत लिहिलेले जे आणि ईटी आधी वहीत उतरवा, अर्धी रुंदी काढून आत किती आणि बाहेर किती ते मांडा. दुकानदार नव्या चाकाचा ईटी सांगू शकत नसेल, तर ते चाक कितीही छान दिसत असलं तरी घेऊ नका.